गंधकाच्या दिवसांतला कॉम्प्युटर

होळीच्या आसपास आमच्या भागातल्या हवेला एक वास येतो. बाहेरच्या माणसाला तो तासगावच्या अलीकडूनच कळतो. तो एसटीची काच ओढून घेतो आणि शेजारच्याकडं बघतो. शेजारचा इथलाच असेल तर त्याला काही कळलेलं नसतं. मी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेबाला आहे. सौद्याला आलेले परगावचे व्यापारी आमच्या ऑफिसात रुमाल नाकाला लावून बसतात आणि म्हणतात, "मॅडम, दिवसभर कशा बसता हो इथं?" मी म्हणते, "का? काय झालं?" हे मी नाटक म्हणून विचारत नाही. बेदाण्याला रंग यावा म्हणून जी गंधकाची धुरी देतात, तिचा तो वास. आमच्या नाकाला तो इतका सवयीचा झालाय की नाकानं त्याची दखल घेणंच सोडून दिलंय.

परवा मात्र मला तो आला. सकाळी मी डबा भरत होते. बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी, आमच्या आण्णांनी, हाक मारली.

"सुनबाई, आगं ह्यो डबा आंधळा झाला बग. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पर तोंडावर काय न्हाई."

आण्णांचा डबा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असली की आण्णा दिवसातनं दहादा त्याच्यापुढं बसतात आणि ढगांचा नकाशा बघतात. महिनाभराची मेहनत उघड्यावर वाळत असते. अवकाळीची एक सर आली की सोन्याच्या रंगाचा माल चिखलाच्या रंगाचा होतो. त्यामुळं या दिवसांत आण्णांना देवाच्या फोटोपेक्षा त्या नकाशाचा जास्त आधार.

मी चपाती तव्यावर तशीच टाकून गेले. काळ्या पडद्यासमोर उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, श्वास आत घेतला तर नाकात गंधक भरला. चपाती करपली. आण्णा "आगं जळतंय काय तरी" म्हणत राहिले. मी तिथंच उभी. काही वर्षांपूर्वीचा तो सगळा उन्हाळा असा एका श्वासात आत आला.

*

आधी माझं सांगते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माहेरची पहिली आणि सासरचीसुद्धा. हे मी जिथं तिथं सांगते, लोक हसतात, हसू देत. आष्ट्याहून सांगलीला रोज एसटीनं, बहुतेक वेळा उभ्यानं जाऊन मी बी.कॉम. केलं. माझ्या वडिलांना सही तेवढी येत होती आणि ती सही ते इतक्या हळू करायचे की समोरचा साहेब खिडकीबाहेर बघून यायचा. पदवीचा फोटो माहेरी अजून भिंतीवर आहे. त्यात मी काळा झगा घालून अशी ताठ उभी आहे की जणू झगा नाही, चिलखत अंगावर चढवलंय.

पण एक गोष्ट तेव्हा कुणी सांगितली नव्हती. घरात एक माणूस शिकलं की बाकीच्यांचं शिकणं संपतं. लाइटबिल जास्त आलं, वहिनीला विचारा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, वहिनीला विचारा. मोबाइल बंद पडला, पीकविमा भरायचाय, नातवाचं नाव काय ठेवू, सगळं मला. माझे यजमान सैन्यात. ते वर्षातनं एकदा सुट्टीवर येणार आणि तेही पहिल्या दिवशी म्हणणार, "जरा बघ गं, ह्या फोनला काय झालंय." शिकण्याचा अभिमान मला आजही आहे. थकवाही त्याच शिकण्याचा आहे. दोन्ही एकाच माठातलं पाणी.

म्हणून वाटायचं, या घरात दुसरं एक माणूस लवकर तयार व्हावं. माझी मुलगी तेजू दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा मी तिला लांबच्या शहरात हॉस्टेलवर ठेवलं. अकरावी आणि क्लास एकत्र असलेली मोठी जागा. पेटी घेऊन गेली. संक्रांतीच्या सुमाराला पेटी घेऊन परत आली.

रडली नाही. पेटी पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "मी परत जाणार नाही." पुढं हळूहळू एवढंच कळलं, की तिथं दर आठवड्याला भिंतीवर नंबर लागायचे. तिचा नंबर खाली खाली जात गेला आणि एक दिवस तिनं भिंतीकडं बघायचंच बंद केलं. त्यानंतर तिनं बोलायचंही बंद केलं. जेवायची, शेडमध्ये जाऊन बायकांबरोबर बेदाण्याच्या काड्या निवडायची, विचारलं की "हं" म्हणायची. अकरावीची परीक्षा इथल्या कॉलेजातनं दिली, ती कशी दिली हेही सांगितलं नाही. आमच्या घरात मुकं माणूस कधी नव्हतं. भांडणारी होती, शिव्या घालणारी होती. मुकेपणाशी कसं वागायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

गावाला मात्र बोलायला कमी नव्हतं. शेजारची शकूकाकी कुंपणावरनं विचारायची, "तेजूला सुट्टी हाय व्हय गं? लयच मोठी सुट्टी दिली म्हणायची."

"सुट्टी न्हाई काकी," मी सांगितलं. "परत आणलीय."

"आगं बाई! आन् आता?"

"आता हाय घरात."

सरळ बोललं की माणसं गप्प बसतात असं मला वाटायचं. शकूकाकी बसली नाही, पण निदान मला विचारायची बंद झाली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिचे पप्पा विचारायचे, "बोलली का?" मी म्हणायचे, "जेवली." रोज तेच. तिकडं बर्फ पडलेला दिसायचा, इकडं आमच्या कपाळावरनं घाम.

*

ती पहिलं वाक्य बोलली, ते शेडमध्ये.

मी ऑफिसातनं परत येताना शेडवर गेले होते. पाय सुजलेले. सीझनला आमच्याकडं आवक एवढी असते की खुर्चीवर बसूनसुद्धा माणूस चालून आल्यासारखा दमतो. जाळ्यांच्या सावलीत तेजू बसलेली. हातातला बेदाण्याचा घड खाली ठेवून म्हणाली, "मम्मी, मला कॉम्प्युटर जोडायचाय. तयार नको. सुटे भाग आणायचे आणि मी जोडणार."

त्या एका दमात ती जेवढं बोलली, तेवढं संक्रांतीपासून बोलली नव्हती. मी कशाला हो म्हणतेय हे न कळताच हो म्हणाले.

"तू मदत करशील?"

"करीन की. बी.कॉम. आहे मी."

"त्याचा काय संबंध?" ती म्हणाली आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणता येणार नाही त्याला. पण हलला.

पैशाचं तिच्या पप्पांनी बघितलं. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जोडायचा म्हणजे? तुटलाय का?" मग, "ती म्हणाली का असं? तोंडानं?" मी म्हटलं, "तोंडानं." त्यावर त्यांनी फक्त किती लागतील ते विचारलं.

मग सांगलीच्या खेपा सुरू झाल्या. एकदम सगळं मिळत नाही. आज हे आहे, ते पुढच्या आठवड्यात येईल. दुकानदार प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून बोलायचा. "मॅडम, कशाला त्रास घेताय, तयारच घ्या की. आम्ही जोडून देतो." मी म्हणायचे, "तिच्याशी बोला. मी नुसती पिशवी धरायला आलेय." हळूहळू तो तिच्याशी बोलायला लागला. ती काही विचारायची, तो उत्तर द्यायचा, मध्येच ती "नाही, तो ह्याला बसणार नाही" म्हणायची, आणि तो डोकं खाजवायचा. मला दोघांचंही काही कळायचं नाही. स्टुलावर बसून मी तिचा आवाज ऐकायचे. आवाज घशातनं येत होता, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. कुरकुरत, पण येत होता.

कॅबिनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पेटीचं, खोकं घेऊन परत येताना एसटीत जागा मिळाली, पण खोकं मांडीवर. त्याच्या पलीकडं मला काही दिसत नव्हतं. कंडक्टर आला आणि खोक्यावर टिचकी मारून म्हणाला, "ह्येचं वय किती?"

"आजच जन्मलंय," मी खोक्यामागून म्हटलं.

"मग फुकट हाय. पर रडलं तर उतरवीन."

तेजू खिडकीकडं तोंड करून हसत होती. काचेत मला दिसलं.

*

आता हे सुटे भाग ठेवायचे कुठं? आमचं घर मळ्यातलं. उन्हाळ्यात दारं उघडी असतात आणि रस्त्यावरचा फुफाटा थेट ताटापर्यंत येतो. शिवाय उंदीर. तेजूनं काळजी बोलून दाखवली आणि आण्णा, जे तोवर या भानगडीकडं लांबूनच बघत होते, खाटेवरनं उठून उभे राहिले.

"माजी खोली घ्या की."

आण्णांची खोली म्हणजे शेडला लागून असलेली बेदाण्याची खोली. धुरी देऊन झालेला माल तिथं येतो, क्रेटमध्ये थांबतो आणि मग आमच्या कोल्ड स्टोअरेजला जातो. त्या खोलीवर आण्णांचा जीव. जमिनीला फरशी, खिडकीला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी. तिची किल्ली ते करदोट्याला बांधतात.

"जी खोली बेदाण्याला चालती ती कशालाबी चालती," आण्णा म्हणाले. "धूळ न्हाई, ओल न्हाई, उंदीर तर सपनातबी यायचा न्हाई."

सगळं खरं होतं. आम्हाला तिघांनाही ते पटलं. कोपऱ्यात एक टेबल ठेवलं, त्याच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि जसजसे भाग येत गेले तसतसे तेजूनं ते तिथं मांडले. रॅम नावाची एक पट्टी असते, अर्ध्या फूटपट्टीएवढी, एका कडेला बारीक पिवळ्या दातांची ओळ. ती सगळ्यात आधी आली होती. तेजूनं ती पाकिटातनं काढून वर ठेवली होती. कॉलेजातनं आली की खोलीत जायची, ती पट्टी कडेनं धरून उजेडात बघायची आणि परत ठेवायची. नवरीचा दागिना बघावा तसं. शेजारी क्रेटमध्ये बेदाणा, वाळून सोन्यासारखा झालेला. धुरी न दिलेला बेदाणा काळपट होतो. खायला तोही गोडच लागतो, पण सौद्यात त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही.

सगळे भाग जमेपर्यंत द्राक्षाचा सीझन संपत आला होता.

*

जोडायचा दिवस रविवार. दुपार. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. मी खोलीत पाऊल टाकलं आणि तेजू म्हणाली, "थांब. साडी बदलून ये."

"का गं?"

"ती नायलॉनची आहे. अंगात वीज तयार होते. आपल्याला कळत नाही, पण या भागांना बोट लागलं की ते मरतात."

मी सुती साडी नेसून आले. तरी तिचं समाधान होईना. "कुठल्याही भागाला हात लावायच्या आधी खिडकीचा गज धरायचा. लोखंडाचा आहे, भिंतीत गेलाय. अंगातली वीज त्याच्यातनं उतरते. प्रत्येक वेळी धरायचा. विसरायचं नाही."

मग काय, ती गज धरायची आणि वस्तू उचलायची. मी गज धरायचे आणि स्क्रू द्यायचे. आण्णा दारात उकिडवे बसून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खिडकीच्या पाया पडताय काय गं मायलेकी?"

"व्हय आण्णा," तेजू म्हणाली. "तुमीबी पडा, मग आत या."

आण्णा उठले, चपला काढल्या, मुकाट्यानं गज धरला, दुसरा हात सवयीनं कपाळाला लावला आणि भिंतीला टेकून बसले. सकाळीच त्यांनी रिकाम्या कॅबिनेटला हळदकुंकू लावलं होतं. ट्रॅक्टर आला तेव्हा लावलं, फवारणीचा पंप आला तेव्हा लावलं, मग याला का नाही? तेजूनं फक्त एवढंच सांगितलं होतं, की बाहेरच्या पत्र्यालाच लावा.

माहितीचं पुस्तक होतं. ते वाचायचं काम माझं असणार, असं मी धरून चालले होते. घरातली इंग्रजी माझ्याकडं. चष्मा लावला, पुस्तक उघडलं, तर आत शब्दच नाहीत, नुसती चित्रं आणि बाण. एवढा राग आला मला. इतकी वर्षं एसटीत उभं राहून जे कमावलं, ते काढायची वेळ आली तर समोर चित्रं! तेजूनं पुस्तक माझ्या हातातनं घेतलं, उलटं धरलं होतं ते सुलटं केलं आणि परत दिलं.

प्रोसेसर बसवताना एक दांडी दाबावी लागते. ती दाबली आणि असा काही कर्र आवाज झाला की मी "मोडलं!" म्हणून ओरडले. "असाच येतो आवाज," ती म्हणाली. तो तापू नये म्हणून त्याच्यावर एक राखाडी मलम लावायचं होतं, मटाराच्या दाण्याएवढं. मी म्हटलं, "एवढंसंच? पुरतं का? लाव की जरा जास्त." आमच्याकडं पाहुण्याला तूप वाढताना जे म्हणतात तेच. ती म्हणाली, "मम्मी, जास्त लावलं तर बाहेर येतं. प्रत्येक गोष्ट जास्त चांगली नसते."

हे ती मलमाबद्दलच बोलली. मी मात्र ते वाक्य अजून जपून ठेवलंय.

खोलीत उकडत होतं. माझी आठवड्याची सगळी झोप त्या खुर्चीवर येऊन बसली होती. डोळा लागायचा, ती "गज" म्हणायची, मी दचकून गज धरायचे आणि तिला हवं ते द्यायचे. तो लोखंडाचा गारवा हाताला बरा वाटायचा. खिडकी सावलीच्या बाजूला होती. वीज उतरते की नाही कुणास ठाऊक, पण काहीतरी उतरायचं.

शेवटची वायर बसली. तेजूनं कपाळावरचा घाम कोपरानं पुसला. आण्णांनी नारळ हातात घेतला. ती म्हणाली, "आधी चालू होऊ दे." आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. आत एक दिवा लागला. पडदा काळा.

तिनं परत बंद केलं, चालू केलं. पंखा, दिवा, काळं. वायरी तपासल्या, मोबाइलवर काहीतरी वाचलं, परत केलं. काळं. आण्णा नारळ मांडीवर घेऊन बसलेले. कितीदा केलं कोण जाणे. मग तिनं हात खाली घेतले आणि म्हणाली, "माझ्याच्यानं काही होत नाही."

एवढंच. आवाज न चढवता. पेटी पलंगाखाली ढकलली होती तशी ती उठली, बाहेर गेली आणि शेडच्या सावलीत रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.

मला कॉम्प्युटरचं काही पडलं नव्हतं. तो भंगारात गेला असता तरी चाललं असतं. पण ती पाठ मी ओळखत होते. भिंतीवरचा नंबर बघायचं सोडून दिलेलं पोर ते. या वेळी ती परत मुकी झाली तर बाहेर यायला तिच्याकडं कुठलं वाक्य उरणार होतं?

आण्णा हळूच म्हणाले, "जा की तिच्याकडं."

"काय म्हणू जाऊन?"

आण्णा मांडीवरचा नारळ फिरवत राहिले. माझ्यात उठायचीही ताकद नव्हती. मी मान खाली घालून बसून राहिले. आणि खाली बघताना मला माझे पाय दिसले. सुजलेले पाय आणि बोटांतली जोडवी. चांदीची. काळी कुळकुळीत.

यात नवल काहीच नाही. सीझनला बेदाण्याच्या कामाला येणारी प्रत्येक बाई पैंजण, जोडवी घरी काढून ठेवते. गंधकाच्या हवेत चांदी काळी पडते हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या पोरीलाही माहीत. मी खुर्चीवरची बाई, म्हणून मी काढत नाही. पण त्या महिन्यात तेजूच्या मागं मागं मी रोज या खोलीत येत होते. आणि जे जोडव्यांना झालं...

"तेजू," मी बसल्या जागेवरनं हाक मारली. "त्या पट्टीचे ते पिवळे दात कशाचे गं?"

पाठ तशीच.

"अगं, विचारतेय. पितळेचे का?"

"सोन्याचा मुलामा असतो," ती पाठमोरीच म्हणाली. "खाली तांबं."

"मग इकडं ये. ही माझी जोडवी बघ."

ती लगेच आली नाही. मग आली. दारात उभी राहून माझ्या पायांकडं बघितलं. खोलीतल्या क्रेटकडं बघितलं. नाकानं एकदा जोरात श्वास घेतला. आणि मग वायर काढली, खिडकीशी जाऊन गज धरला, रॅमची पट्टी काढली आणि उजेडात नेली. दात पिवळे नव्हते. चहाच्या कपाला डाग राहतात तसे धुरकट झाले होते.

ती धावत घरात गेली आणि दप्तरातलं खोडरबर घेऊन आली. टेबलावर बसून पट्टीचे दात घासायला लागली, हळू, एका दिशेनं. रबराचा काळा चुरा पडत गेला. ज्या जागेत ती पट्टी बसते ती फट तिनं ब्रशनं साफ केली. आण्णा पुढं सरकले.

"म्हंजे माज्या खोलीनं खाल्लं व्हय त्येला?"

म्हाताऱ्यानं किल्ली करदोट्याची सोडून दिली होती आमच्यासाठी.

तेजू मान वर न करता म्हणाली, "खोलीनं न्हाई आण्णा. गंधकानं. खोली लय चांगली हाय तुमची. वारा बाहेर जाऊच देत न्हाई."

आण्णांनी क्रेटमधला बेदाणा चिमटीत धरला. "बेदाण्याला सोनं करतंय आन् सोन्याला काळं करतंय. आन् आपल्या नाकाला पत्ता न्हाई."

गज धरून तिनं पट्टी परत बसवली. दोन्ही कडेला टक, टक. बटण दाबलं. पंखा, दिवा, आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. मी चष्मा शोधत होते. तेजूनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

मी वाचलं. चालू करण्यासारखं आत काही सापडत नाही, असा काहीसा अर्थ होता. "म्हणजे बिघडलाच ना?"

"नाही गं मम्मी! रिकामा आहे! नवा आहे म्हणून रिकामा आहे! आता मी भरणार त्याच्यात!" आणि ती बोलत सुटली. काय भरणार, कसं भरणार, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आण्णांनी नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी सगळ्या फरशीवर. ती खोबरं खात बोलत होती. पप्पांना फोन लावून बोलत होती, ते मध्येच "हां, हां" म्हणायचे. दिवेलागणीला टेबल घरात हलवलं, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ, तरी तिचं बोलणं चालूच. मी भाकरी थापता थापता ऐकत होते आणि इतकी दमले होते की आनंद झालाय हेसुद्धा मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्यावर कळलं.

*

पुढं काही चमत्कार झाला नाही. उगाच खोटं कशाला सांगू. बारावी इथूनच केली, मार्क मध्यम. आता सांगलीला डिप्लोमा करतेय, तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. शकूकाकी म्हणालीच, "एवढ्या लांबनं परत आली, आन् गेली कुटं, तर सांगलीला."

"व्हय काकी," मी म्हटलं. "एसटीनं येता येतं."

अजूनही मध्येच कधी तिचा फोन आला की पलीकडनं नुसता श्वास ऐकू येतो. ते मुकेपण तिचं गेलेलं नाही. सीझनसारखं ते येतं. आता आम्ही दोघी त्याला ओळखतो, एवढंच.

आणि मी? संध्याकाळी ऑफिसातनं येते, पर्स खुंटीला लावते आणि स्वयंपाकघरात जायच्या आधी खिडकीचा गज धरून उभी राहते. बघणाऱ्याला वाटेल रस्त्याकडं बघतेय. दिवसभर लोकांची नावं, वजनं, भांडणं अंगात भरलेली असतात. ती उतरेपर्यंत थांबते. मग पिठाला हात लावते. आण्णांनी एकदा विचारलं, "आता काय जोडतीयास?" मी म्हटलं, "काय न्हाई आण्णा. सोडतीय."

परवा त्या आंधळ्या डब्यापुढं उभी राहिले, तेव्हा आधी वाटलं, तेजूला फोन लावावा. मग वाटलं, तिची परीक्षा चालू आहे. ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. वायर काढली, गज धरला, झाकण उघडलं. आत फुफाटा बसलेला. पट्टी काढली, दात धुरकट. शेड तीच, वारा तोच. आण्णांच्या खोलीतनं इथं यायला त्याला कितीसा वेळ लागणार? खोडरबर शोधलं, तेजूच्या जुन्या दप्तरात सापडलं, कोपरे झिजून गोल झालेलं. हळू, एका दिशेनं घासलं. आण्णा गज धरून शेजारी उभे, शाळेतल्या पोरासारखे.

टक, टक. पडदा लागला. आण्णांनी आधी ढग बघितले.

"हाय काय?" मी विचारलं.

"कोकणात हाय थोडं. आपल्याकडं न्हाई."

संध्याकाळी तेजूला फोन केला. सांगितलं, असं असं झालं, मी केलं.

"तू केलंस? वायर काढली होतीस ना आधी? गज धरलास?"

"सगळं धरलं. तुझं काय? पेपर कसा गेला?"

"उद्या आहे." मग काही नाही. नुसता श्वास. मागं कुठल्या तरी मुलीचं पाठ करणं ऐकू येत होतं. मी थांबले. अभ्यास झाला का, जेवलीस का, घाबरू नको, हे सगळं ओठावर आलं होतं. ते सगळं तिनं ऐकलेलं आहे.

"तेजू, तुझ्या खोलीच्या खिडकीला गज आहेत का गं?"

"आहेत. का?"

"धर जरा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चार पावलं.

"धरला."

"गार आहे?"

"आहे." मग, "तुझा?"

मीही उभीच होते खिडकीशी. ही खिडकी पश्चिमेची, दिवसभराचं ऊन खाल्लेली.

"माझा तापलाय अजून," मी म्हटलं. "तरी धरलाय. तू सोडू नको इतक्यात."